एक दाबलं की दुसरं उठतं

बाहेर वैशाखाचा उकाडा आहे, तेव्हा सुरुवात पंख्यापासूनच करते.

आपल्या घरातला जुना टेबल फॅन आठवा. पायथ्याशी चार बटणं: शून्य, एक, दोन, तीन. 'तीन' दाबलं की आधी दाबलेलं 'एक' टक्कन वर यायचं. आत एक सरकती पट्टी असायची. नवं बटण खाली जाताना ती बाजूला सारायचं. त्यासरशी अडकलेलं जुनं बटण सुटायचं आणि नवं अडकायचं. कोणतं बटण खाली राहणार, हे ती एक पट्टी ठरवायची. आज मी या पट्टीबद्दलच बोलणार आहे. जुन्या मोटारींमधल्या रेडिओला स्टेशनं बदलायला अशीच बटणं असत. पडद्यावर अनेकांतून एक निवडायच्या गोल खुणेला 'रेडिओ बटण' म्हणतात, ते त्यांच्यावरूनच.

मोबाइलच्या काचेमागे पट्टी नसते. तिथली चार बटणं म्हणजे चार चित्रं. ती एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांचं नातं कोड लिहिणाऱ्यानं जोडायचं असतं.

उमेदवारीच्या काळात मी औषधांची आठवण करून देणाऱ्या एका ॲपवर काम करत होते. गोळी कधी घ्यायची यासाठी चार बटणं होती: उपाशीपोटी, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना. मी प्रत्येक बटणाजवळ 'मी निवडलेलं आहे का' अशी स्वतंत्र नोंद ठेवली. एक दाबलं की बाकीची तीन बंद करा, असं चार ठिकाणी लिहिलं. व्यवस्थित चाललं. मग 'जेवताना' हे पाचवं बटण आलं. जुन्या चारांपैकी 'जेवणानंतर'च्या कोडमध्ये या नव्याला बंद करायचं माझ्याकडून राहिलं. तपासणीच्या वेळी एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी फोन माझ्यासमोर धरला. 'जेवताना' आणि 'जेवणानंतर', दोन्ही निळी. त्या एवढंच म्हणाल्या, "आता पेशंटनं काय करायचं?" तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

थोडा हिशेब करू. पाच बटणं, प्रत्येकाच्या दोन अवस्था. एकूण मांडण्या ३२. त्यांतल्या योग्य फक्त सहा: पाचांपैकी कोणतंही एक, किंवा अजून काहीच निवडलेलं नाही. उरलेल्या २६ चुकीच्या मांडण्यांना मी स्वतःच्या हातानं जागा करून दिली होती. बटणं दहा झाली तर मांडण्या १,०२४ आणि योग्य ११. इतकी दारं राखत बसण्यापेक्षा ती बांधूच नयेत. बटणांजवळच्या साऱ्या नोंदी काढून टाकायच्या आणि एकच ठेवायची: सध्या कोणतं निवडलेलं आहे. प्रत्येक बटणानं तिच्याकडे पाहून आपला रंग ठरवायचा. दोन बटणं एकदम निळी होणं मग शक्यच राहत नाही. ही आपली पट्टी.

अँड्रॉइडमधला 'रेडिओग्रुप' हेच करतो. निवडलेल्या बटणाचा ओळखक्रमांक तो स्वतःजवळ ठेवतो. काही निवडलेलं नसेल तर उणे १. आयफोनच्या 'सेगमेंटेड कंट्रोल'मध्येही निवडलेल्या भागाचा एकच क्रमांक असतो आणि काहीच नसेल तर तिथेही उणे १. पण रेडिओग्रुप फक्त आपल्या थेट मुलांना ओळखतो, नातवंडांना नाही. बटणं दोन ओळींत बसावीत म्हणून ती आणखी एका चौकटीत घातली की गट फुटतो आणि पुन्हा दोन-दोन बटणं उजळतात. नवशिके इथे हमखास अडखळतात. कोणतं बटण दाबलं हे ओळखायला आयफोनवर बटणांना 'टॅग' म्हणून क्रमांक देता येतो. तो देताना शून्यापासून सुरुवात करू नका, कारण ज्यांना कोणी क्रमांक दिलेला नाही त्या सगळ्यांचा टॅग मुळात शून्यच असतो.

२०१९ मध्ये ॲपलनं पडदे रचायचं 'स्विफ्टयूआय' हे साधन जाहीर केलं, २०२१ मध्ये गूगलच्या तशाच 'जेटपॅक कंपोज'ची पहिली स्थिर आवृत्ती आली. दोन्हींत पडदा नोंदीवरूनच रंगवला जातो. मला ही दिशा मनापासून पटते.

तरी गटाचा स्वभाव आधी ओळखावा लागतो. डॉक्टर चिठ्ठीवर १-०-१ लिहितात: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. तिथे एकापेक्षा जास्त निवडी खऱ्या आहेत. कॅसेटवर रेकॉर्डिंग करायचं तर अनेक टेपरेकॉर्डरवर 'रेकॉर्ड' आणि 'प्ले' जोडीनंच दाबावं लागे. अशा ठिकाणी पंख्याची पट्टी घातली तर औषधाची एक वेळ गळून जाईल.

आणि ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांना ही पट्टी कशी कळणार? अँड्रॉइडवरचा 'टॉकबॅक' पडदा वाचून दाखवतो, पण ही बटणं एका गटातली आहेत हे त्याला कोडमधून कळवावं लागतं. कंपोजमध्ये त्यासाठी गटाला 'सिलेक्टेबलग्रुप' जोडतात. गोल खूण वेगळी आणि तिच्या शेजारचं नाव वेगळं दाबता येत असेल, तर ऐकणाऱ्याला एकाच पर्यायाशी दोनदा थांबावं लागतं. म्हणून दाबण्याचं काम गोलाकडून काढून पूर्ण ओळीला द्यायचं. औषधांच्या त्या ॲपमध्ये आम्ही पुढे हेच केलं. आता 'जेवणानंतर' ही सबंध ओळच बटण होती, थरथरत्या बोटालाही सापडेल एवढी.