तुम्हाला मुलं किती?



घरातलं लेकरू गेलं की भेटायला आलेली माणसं थोड्या वेळाने हमखास म्हणतात, "अजून वय आहे, दुसरं होईल." वाईट हेतू कुणाचाच नसतो. त्या माउलीकडे बघवत नाही, म्हणून तोंडातून निघून जातं. पण तिला दुसरं नको असतं, तिला तेच हवं असतं. आणि तरीही पुढे कधी कधी दुसरं येतं. पोटी येतं, नाहीतर दारात येतं, आणि त्याच्यावर जीव जडतो. तो कसा, याबद्दल मला आज बोलायचंय.

२६ डिसेंबर २००४, रविवारची सकाळ. तमिळनाडूतल्या एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात त्सुनामीने ६,००० हून अधिक माणसं नेली. तिथे ओएनजीसीत नोकरी करणारे करिबीरन परमेश्वरन यांचा त्या दिवशी वाढदिवस होता. त्यांची तिन्ही मुलं लाटेने नेली. बापाने आपल्या हातांनी त्यांना पुरलं. जगायचं तरी कशासाठी, इथपर्यंत ते आणि त्यांच्या पत्नी चुडामणी येऊन ठेपले होते. मग ती दोघं आसपासच्या गावांत गेली, आईबाप गमावलेली मुलं बघितली, आणि त्यांना घरी घेऊन आली. आधी मोजकी, मग घर भरेपर्यंत. त्या घराला त्यांनी नाव दिलं 'नंबिक्कै', म्हणजे विश्वास, आशा. पुढे काही वर्षांत त्यांना स्वतःचे दोन मुलगेही झाले.

दुःख ओसरलं आणि मग मुलं आणली, असं इथे झालेलं नाही. मुलं आली तेव्हा दुःख घरात होतंच, ताजं होतं. पण लेकराला भूक लागली की कुणीतरी उठून चूल पेटवावी लागते. वेणी घालावी लागते, ताप आला तर रात्र जागावी लागते. माया आधी दाटून येते आणि मग हात कामाला लागतात, असं आपण समजतो. मला वाटतं, पुष्कळदा हात आधी लागतात.

त्याच काळात तमिळनाडू सरकारने एक सोय केली. मुलं गमावलेल्या ज्या आयांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली होती, त्यांच्या नळ्या पुन्हा जोडून देण्याचा खर्च उचलला. नळ्या जोडण्याची ही शस्त्रक्रिया नाजूक असते. नळी किती शिल्लक आहे, बाईचं वय काय, यावर सगळं अवलंबून. मूल होईलच अशी हमी कुणी देत नाही. तरी बायका पुढे आल्या. गेलेल्याला विसरल्या म्हणून आल्या, असं म्हणायची कुणाची छाती होईल?

आणि भीती? ती तर जात नाही. आपल्याकडे एकामागून एक मुलं दगावलेल्या घरात पुढच्या बाळाचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवत. त्याला सुपात घालून शेजारणीला मूठभर धान्यावर विकत आणि मग तिच्याकडून सांभाळायला परत घेत. आज ही नावं मागे पडली, पण बाळ शांत झोपलं की नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघणारी आई आजही आहे. त्याच्या बोबड्या बोलांवर ती खुदकन हसते आणि लगेच गप्प होते. आपण हसलो कसे, असं तिला वाटतं. ताई, हसा. गेलेल्या लेकराचं तुम्ही काहीच हिरावून घेत नाही.

शेजारीपाजारी, नातेवाइकांना एक विनंती. गेलेल्या मुलाचं नाव टाळू नका. आईला रडू येईल म्हणून आपण विषय बदलतो. पण नाव कुणीच घेईनासं झालं की तिला ते अधिक लागतं. वाढदिवस लक्षात ठेवून जा, जवळ बसा. बापाजवळही बसा. त्याला सगळे "तिला सांभाळ" एवढंच सांगून जातात.

राहता राहिला एक साधा प्रश्न, जो बसमध्ये, लग्नात, दवाखान्यात कुणीही सहज विचारतं, "तुम्हाला मुलं किती?" नागपट्टिणमच्या त्या जोडप्याने काय सांगावं? गेलेली तीन, झालेले दोन, की घरी वाढलेली सगळी? ऐकत असलेल्या ज्या कुणा आईबापांना हा प्रश्न अडवतो, त्यांनी त्या दिवशी मनाला जो आकडा खरा वाटेल तो सांगावा. उद्या वेगळा सांगितलात तरी तोही खराच.