दोन टोल्यांचा हिशेब



संमेलनाच्या अध्यक्षाने आधी आभार मानावेत, मग ज्येष्ठांची नावे घ्यावीत आणि शेवटी मराठी ख्रिस्ती साहित्याच्या परंपरेला वंदन करून खाली बसावे, असा रिवाज आहे. आभार मी मनापासून मानते. उरलेला वेळ मला भांडायला हवा आहे, आणि भांडण घरातले आहे.

आपल्या मंडळ्यांत दशमांशावर उपदेश सुरू झाला की मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली ती गरीब विधवा पुढे आणली जाते. तिने मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, आपली सारी उपजीविका टाकली, तुम्ही काय टाकता, असे विचारले जाते आणि अर्पणाची पिशवी फिरते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा हात बटव्याकडे जातो. पण तोच अध्याय जरा आधीपासून वाचा. विधवांची घरे गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभू कडाडला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ ही विधवा येते. मग पुढचा अध्याय उघडा. मंदिराच्या भव्य दगडांचे कौतुक करणाऱ्या शिष्याला तो सांगतो की इथे दगडावर दगड राहणार नाही. या दोन्हींच्या मध्ये तिच्या टोल्या पडल्या. तिचे देणे सर्वांपेक्षा मोठे, हे प्रभूनेच सांगितले आणि ते मला शिरसावंद्य आहे. पण तिच्यापाशी दोनच टोल्या का उरल्या, हेही त्याने आधी सांगून ठेवले होते. अर्धा प्रसंग वाचून गरिबाची मूठ उघडायला लावायची, याला मी उपदेश म्हणणार नाही.

हिशेब विचारला की आपल्याकडे काय ऐकू येते? ‘विश्वास कमी पडतोय’, ‘मंडळीत फूट पाडू नका’. ही उत्तरे देणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहावा, पुन्हा वाचावा. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत कुरकुर उठली ती अन्नाच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी त्या कुरकुरीला पाप म्हटले नाही. सारी मंडळी बोलावली, सात माणसे निवडायला लावली, आणि स्तेफनापासून नीकलावापर्यंत त्या सातांची नावे पाहा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्यांच्याच हाती वाटप आले. पौलानेही यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, आणि पैशाच्या बाबतीत कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून असे करतो, हे करिंथकरांना उघड लिहून कळवले. पौलाला साक्षीदार लागत होते. आमच्या कमिट्यांना ते नकोसे का वाटतात?

1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे आपल्या विश्वस्त संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. सरकारी कपाटाला जे कळते ते बाकावर बसलेल्या माणसाला का कळू नये? मिशनच्या बंगल्यांचे आणि आवारांचे वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे पडून आहेत. त्या जमिनी कोणासाठी दिल्या गेल्या होत्या, हे आपल्या तरुणांना ठाऊक नाही, कारण आपण ते लिहिलेच नाही.

या पुणे शहराला तरी देणे म्हणजे काय हे शिकवावे लागू नये. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी आणि मुलींसाठी काढलेले शारदा सदन मुंबईहून 1890 साली इथे आले. त्यांच्या पाठीशी अमेरिकेतली एक संस्था होती आणि तिने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते. रमाबाईंनी त्या पैशाचा हिशेब दिला, वार्षिक अहवाल छापले गेले. आणि मुदत संपायच्या आधीच त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली, पुढे सदनाने कोणाच्या तोंडाकडे पाहू नये म्हणून. परदेशी दान घेणारी ती बाई त्या दानावाचून जगण्याची तयारी करत होती. 1893 साली सदनातल्या ख्रिस्ती धर्मप्रभावावरून गावभर वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. सदन बंद झाले नाही. 1897च्या सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाईंनी शेकडो मुली-बायका आणल्या आणि बघता बघता केडगावच्या मुक्ती सदनाची वस्ती हजाराच्या वर गेली. त्या बायका तिथे दया खात बसल्या नव्हत्या. त्यांनी शेती केली, माग चालवले, छापखान्यात खिळे जुळवले. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेला मराठी बायबलचा अनुवाद याच हातांनी छापला.

आणि पुढारीपण? बाप्तिस्मा घेतल्यानंतर इंग्लंडात, पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा रमाबाई वाकल्या नाहीत. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीचे जू मानेवर घेणार नाही, ही त्यांची भूमिका होती. 1897च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे जे हाल झाले त्यांवर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. गोऱ्या सरकारचा धर्म आणि आपला धर्म एक, म्हणून गप्प बसावे, असे त्यांना वाटले नाही. आज आमचे पुढारी मंत्र्यासोबत केक कापण्याचा फोटो मंडळीच्या सूचनाफलकावर लावतात. त्यांतल्या किती जणांनी एका तरी झोपडीवर बुलडोझर येताना तोंड उघडले?

आता साहित्यिकांकडे वळते, कारण हे संमेलन त्यांचे आहे आणि माझा खरा राग त्यांच्यावर आहे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 साली निघाले. बाबा पदमनजींची कादंबरी ‘यमुनापर्यटन’ 1857ची, विधवांच्या दुःखावरची. दुखऱ्या जागेवर बोट ठेवून आपण मराठीत लिहू लागलो. आज आपण काय लिहितो? सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, बिशपसाहेबांच्या षष्ट्यब्दीचे गौरवग्रंथ, देणगीदारांच्या फोटोंनी भरलेली पाने.

लक्ष्मीबाई टिळकांनी असे लिहिले नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक पैशाला न चिकटणारे. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, ‘देवाचा दरबार’ मांडला, परक्या पैशावर न जगणारी या मातीतली ख्रिस्ती मंडळी त्यांना हवी होती. दोन वर्षांत ते गेले. त्यांच्या या फकिरीवर आपण पुष्कळ भाषणे केली. पण नवरा हात मोकळा सोडतो तेव्हा घरातले डबे कोण झाडते, हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचल्याशिवाय कळत नाही. टिळकांवर अपार माया असलेल्या त्या बाईने त्यांचे देणेही लिहिले आणि त्या देण्याचा भार चुलीपाशी कोणी उचलला तेही लिहिले. पोरकी मुले पदराखाली घेतली तीही तिनेच. दानावरचे मराठीतले सर्वांत प्रामाणिक पुस्तक मी त्याला मानते, कारण त्यात देणाऱ्याच्या घराची बाजू आहे. आपल्या एका तरी पाळकाच्या पत्नीने असे पुस्तक लिहावे आणि आपण ते छापावे, इतकी छाती आपल्यात आहे का?

दुःखाविषयीही आपण खोटे बोलतो. मुलगा गेला, नोकरी गेली, कर्करोग निघाला की सांत्वनाला आलेला माणूस पायरीवरूनच सांगतो, देव परीक्षा पाहतो आहे. ईयोबाचे मित्रही असेच कारणे सांगत होते, आणि अखेरीस देवाचा राग पेटला तो त्या मित्रांवर, आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात अन्नावाचून गेली. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच नवरा गेला. 1921 साली हाताशी आलेली मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. भुकेने आपली माणसे गेलेली पाहणाऱ्या या बाईने दुसऱ्यांच्या भुकेचा अर्थ लावत बसण्याऐवजी चुली पेटवल्या. ज्याला भाकरी देता येत नाही त्याने निदान कारण तरी सांगू नये.

देण्याकडेच परत येते. मिझोराममधल्या बायका शंभर वर्षांहून अधिक काळ प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात आणि त्यावर तिथले केवढे तरी काम उभे आहे. आपल्या बायकांची मूठ त्यांच्याहून लहान नाही. कापणीच्या सणाच्या लिलावात एक भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जातो, तेव्हा टाळ्या वाजवणारे हात आपलेच असतात. देणारे पुष्कळ आहेत. त्यांना मान द्यायचा तर त्यांच्या पैशाचे काय झाले ते त्यांना सांगा.

म्हणून मी या व्यासपीठावरून ठराव मांडते. यंदाच्या कापणीच्या सणाला, लिलावाची पहिली बोली लागण्यापूर्वी, प्रत्येक मंडळीच्या खजिनदाराने गेल्या वर्षीचा जमाखर्च मराठीत, मोठ्याने वाचावा. किती आले, किती विधवांना, किती मुलांच्या फीला, किती आजाऱ्यांना गेले, आणि किती रंगरंगोटीवर व मंडपावर गेले. मदतीच्या समितीत निम्म्या जागा मदत घेणाऱ्यांच्या असाव्यात. आणि संमेलनाने पुढच्या वर्षी गौरवग्रंथांना एक पैसा न देता पुण्यातल्या मिशन आवारांचा इतिहास कागदपत्रांसह लिहून घ्यावा. सूचक म्हणून माझे नाव लिहा. अनुमोदन सभागृहातून हवे आहे, आणि ते आत्ता, जेवणाच्या सुट्टीच्या आधी.