दवाखान्याची पाटी



आज आम्ही तुमच्याशी आपल्या सरकारी दवाखान्याविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "त्यात काय बोलायचं? दुखलं-खुपलं की जायचं, गोळ्या घ्यायच्या आणि घरी यायचं." पण मंडळी, तेवढंच नाही. दवाखान्याच्या भिंतीवर एक मोठी पाटी असते. तिथे कोणकोणती सेवा मिळते, कोणत्या वारी काय असतं, वेळ कोणती, हे सारं त्या पाटीवर लिहिलेलं असतं. आजवर आपण त्या पाटीला पाठ टेकून बसत होतो. आता आपल्याला अक्षरं आली आहेत. तेव्हा आता तिच्याकडे तोंड करून उभं राहू या, आणि एकेक ओळ वाचू या.

पाटीवर सर्वांत वर लिहिलेलं असतं, 'प्राथमिक आरोग्य केंद्र'. प्राथमिक म्हणजे पहिलं. आजारी माणसानं पहिल्यांदा जायची जागा ती ही. सपाटीच्या मुलखात सुमारे ३०,००० लोकवस्तीला एक आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० वस्तीला एक, असा या केंद्राचा हिशेब आहे. त्याच्या हाताखाली उपकेंद्रं असतात. ५,००० वस्तीला एक, डोंगरात ३,००० ला एक. उपकेंद्रात नर्सबाई असतात. गावात आशाताई असतात. केंद्रात डॉक्टर असतात. आणि तिथे भागलं नाही तर पुढे ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याचं रुग्णालय. शिडीला जशा पायऱ्या असतात, तशा या पायऱ्या आहेत.

ही कल्पना आली कुठून? नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीनं १९४६ साली सरकारला अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कुणीही औषधाविना राहू नये, आणि दवाखाना खेड्याजवळ असावा, असं त्या समितीनं सांगितलं. पुढे १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर गावोगाव ही केंद्रं उभी राहू लागली. म्हणजे हा दवाखाना कुणी आपल्याला दान दिलेला नाही. तो आपल्यासाठीच आहे, आपल्या करातून चालतो. तिथे जाताना संकोच कसला?

आता खर्चाचं बोलू. पुष्कळ जण खर्चाला भिऊन आजार अंगावर काढतात. आजार वाढला की मग कर्ज काढून शहर गाठतात. बैल विकला, दागिना गहाण पडला, असं आपण रोज ऐकतो. तर नीट ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत. केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. कुणी पैसे मागितले तर विचारा, "साहेब, कशाचे? पावती द्या." विचारायला भिऊ नका. विचारणं म्हणजे भांडण नव्हे.

पाटीची पुढची ओळ आहे, 'लसीकरण'. त्यापुढे वार लिहिलेला असतो. आपल्या गावचा वार कोणता, तो पाहून ठेवा. मूल जन्मलं की लगेच त्याला क्षयाची बीसीजी, कावीळ 'ब' ची लस आणि तोंडात पोलिओचे थेंब. मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, अशा तीन वेळा पुन्हा न्यायचं. नऊ महिने पुरे झाले की गोवर-रुबेलाची लस. दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा एकदा. पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी पुन्हा. या लसी घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, गोवर अशा रोगांपासून मुलाला वाचवतात.

आजीबाई म्हणतात, "सुई टोचली की पोराला ताप येतो, कशाला त्रास?" आजी, ताप एक-दोन दिवसांचा. घटसर्प मात्र पोराचा गळा आवळतो. तुमच्या लहानपणी देवीनं तोंडावर वण पडलेली माणसं गावात दिसत होती ना? कुणाचे डोळे गेलेले होते. आज असं एक तरी लहान मूल दाखवा! देवीची लस घरोघर टोचली म्हणून १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही, आणि १९८० साली सगळ्या जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. पोलिओचंही तसंच. १९९५ साली देशात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. देशातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. हे नवसानं झालं नाही, थेंबांनी झालं.

लसीचं कार्ड घरी जपून ठेवा. पेटीत, देव्हाऱ्यात, कुठंही ठेवा, पण हरवू नका. त्यावर पुढची तारीख लिहिलेली असते. आता ती तुम्ही स्वतः वाचू शकता. दुसऱ्याला विचारायला जायला नको.

पुढची ओळ, 'गरोदर मातांची तपासणी'. इथे सासूबाईंनी जरा कान द्यावा. सूनबाईला दिवस गेल्याचं कळलं की पहिल्या तीन महिन्यांतच तिचं नाव नोंदवा. बाळंतपणापर्यंत निदान चार वेळा तपासणी व्हायला हवी. वजन, रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासतात. धनुर्वाताची लस देतात. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या देतात. त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, म्हणून बायका त्या उकिरड्यावर टाकतात. तसं करू नका. काळं होण्यात काही वाईट नाही. रक्त कमी असलेली बाई बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी दगावते, हे मात्र फार वाईट आहे.

दर महिन्याची ९ तारीख ध्यानात ठेवा. २०१६ पासून या तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हातपाय आणि तोंड सुजणं, डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, झटके येणं, अंगावरून रक्त जाणं, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणं, ही धोक्याची लक्षणं आहेत. यांतलं एकही दिसलं तर ९ तारखेची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा.

"आमच्या वेळी घरीच झालं की सगळं," असं थोरली माणसं सांगतात. झालं खरं. पण ज्या घरी झालं नाही, त्या घरची बाई ते सांगायला आज उरलेली नाही. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे. पोट उघडावं लागलं तरी मोफत. औषधं, रक्त, तिथलं जेवण आणि घरापासून ने-आण करायची गाडी, सारं त्यात धरलेलं आहे.

गाडीवरून आठवलं. भिंतीवर दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात. ते पाठच करा. १०८ आणि १०२. अपघात, साप, छातीत कळ, असं काही अचानक झालं तर १०८. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२. फोनला पैसे पडत नाहीत. फोनवर गावाचं नाव, जवळची खूण आणि काय झालं, एवढं शांतपणे सांगा. घाबरून नुसतं "लवकर या, लवकर या" म्हटलं तर गाडी येणार कुठं?

आता 'थुंकी तपासणी' ही ओळ वाचू. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल, तर थुंकी तपासून घ्या. क्षय असेल तर तो औषधानं बरा होतो. साधा क्षय निदान सहा महिने गोळ्या घेतल्यानं जातो. मात्र इथे एक मोठी खोच आहे. महिना-दोन महिन्यांत माणसाला बरं वाटू लागतं. भूक लागते, तो कामाला जातो आणि गोळ्या सोडतो. रोग मेलेला नसतो, दबलेला असतो. तो पुन्हा उठतो तेव्हा साध्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि घरातल्या दुसऱ्यांनाही धरतो. शेतातलं तण अर्धवट उपटलं तर काय होतं, ते शेतकऱ्याला आम्ही काय सांगावं? गोळ्यांबरोबर पोटभर खाणंही लागतं. त्यासाठी रोग्याच्या बँक खात्यात दरमहा पैसे जमा होतात. २०१८ साली ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये केले.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेलं कळत नसेल, तर तेही दाखवा. महारोग म्हणून भिऊ नका, लपवू नका. औषध मोफत आहे. लवकर घेतलं तर हातापायांची बोटं शाबूत राहतात.

कुत्रं चावलं तर काय कराल? कुणी हळद भरतं, कुणी मिरची, कुणी चुना. यांतलं काहीही नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, त्याची धास्ती अजून लोकांच्या मनात आहे. आता तसं नाही. आता दंडात थोड्याच सुया असतात. पण डॉक्टर सांगतील त्या प्रत्येक तारखेला जायलाच हवं. पिसाळी एकदा उठली की माणूस वाचत नाही. म्हणून ती उठण्याआधीच सुया घ्यायच्या.

साप चावला तर मांत्रिकाकडे नेण्यात वेळ दवडू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे मुख्य विषारी साप. त्यांच्या विषावर औषध दवाखान्यात आहे, मंत्रात नाही. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी आवळू नका. माणसाला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि गाडीत घाला.

विंचवाची तर एक हकीकतच सांगतो. कोकणातला लाल विंचू जीवघेणा. पूर्वी त्याच्या विषानं पुष्कळ माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावत. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात बिरवाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर नेमले गेले. त्यांनी विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून बारकाईनं टिपणं केली. घाम किती, हातपाय गार कधी पडतात, नाडी कशी चालते. १९८२ साली त्यांचं लिखाण विलायतेच्या 'लॅन्सेट' या नामांकित साप्ताहिकानं छापलं. पुढे त्यांनी प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं रोगी वाचवून दाखवले, आणि मरणारांची संख्या फार खाली आली. २०२२ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. खेड्यातल्या दवाखान्यात काय होतंय, असं म्हणणाऱ्यांना ही हकीकत जरूर सांगा.

आणखी एक ओळ आहे, ती धडधाकट माणसांसाठी. 'रक्तदाब व मधुमेह तपासणी'. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा ही तपासणी करून घ्या. हे दोन रोग बोलत नाहीत. दुखत नाही, खुपत नाही आणि एक दिवस अर्धं अंग लुळं पडतं. गोळ्या सुरू झाल्या तर त्या मनानं बंद करू नका.

डॉक्टरांशी बोलताना काही पथ्यं पाळा. जुने कागद बरोबर न्या. घरी चाललेलं औषध दाखवा, झाडपाल्याचं असलं तरी सांगा. "सुई द्याच" असा हट्ट धरू नका. दर तापाला सुई लागत नाही. गोळी जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे विचारून घ्या आणि समोरच कागदावर लिहा. पाकिटावरचा महिना आणि साल वाचा. मुदत सरली असेल तर ते औषध परत करा.

तुम्ही म्हणाल, "हे सारं खरं, पण आम्ही गेलो तेव्हा डॉक्टर नव्हते, औषध संपलेलं होतं." असंही होतं. आम्ही ते नाकारत नाही. पण त्यावर तोंड फिरवून घरी येणं हा उपाय नव्हे. दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला ग्रामसभा असते. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय मिळालं नाही, हे चार ओळींत लिहा, खाली सह्या करा आणि तो कागद तिथे द्या. पूर्वी अंगठा उठवणाऱ्याची तक्रार दुसरा कुणी लिही, आणि त्याला हवी तशी लिही. आता लेखणी तुमच्या हातात आहे.

तेव्हा मंडळी, येत्या आठवड्यात कुणी आजारी नसलं तरी एकदा दवाखान्यात जा. पाटीवरचा लसीचा वार, तपासणीचा दिवस आणि दवाखान्याची वेळ वहीत उतरवून आणा. ज्या शेजारणीला अजून वाचता येत नाही, तिला ते वाचून दाखवा. एवढं केलंत, तर आपण गिरवलेली अक्षरं कुणाचा तरी जीव वाचवतील.