सरहद्दीपलीकडे गेलेली नोंद

सांगली आणि मिरज यांच्यामध्यें कुपवाड आहे. १९९८ सालीं या तिन्ही गांवांची मिळून एक महानगरपालिका झाली, तेव्हां तेथें एके काळीं सरहद्दी होत्या हें आजच्या मुलांना सांगूनहि खरें वाटणार नाहीं. परंतु १९४८ च्या मार्चपर्यंत कुपवाडपासून तीन कोसांच्या आंत तीन राजधान्या होत्या : सांगली, थोरल्या पातीची मिरज आणि धाकट्या पातीचें बुधगांव. उत्तरेस तासगांवाकडे गेलें कीं इंग्रजी मुलूख लागे. रात्रीं बैल चोरून निघालेला भामटा पहांटेस दुसऱ्या राज्यांत सुखानें दांत घाशीत बसे, आणि फौजदाराचा हात मात्र वेशीशींच थांबे.

हा हात लांब कसा करावा, याचा विचार प्रथम ठगांच्या पारिपत्यांत झाला. ठग एका राज्यांत गळा दाबी, लूट दुसऱ्यांत विकी व घर तिसऱ्यांत करी. स्लीमनसाहेबानें माफीच्या साक्षीदारांकडून टोळ्यांचीं नांवें, नातींगोतीं आणि वंशावळी लिहवून घेतल्या, व त्या याद्यांच्या आधारें निरनिराळ्या राज्यांत माणसें धरलीं. वाटसरूंचे प्राण त्यामुळें वांचले, हें मान्य केलेंच पाहिजे. पण १८३६ च्या कायद्यानें अमुक खून अमक्यानें केला हें शाबीत न होतांहि, ठगांच्या टोळींत असणें एवढाच गुन्हा जन्मठेपेस पुरेसा झाला. मग ज्याचें नांव साक्षीदारानें वैरानें घातलें असेल, त्यानें दाद कोठें मागावी? नोंद शंभर कोस पुढें गेलेली, आणि ती लिहिणारा मागें राहिलेला!

१८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. तिचें श्रेय हेन्रीसाहेबास मिळालें; वर्गीकरणाचें किचकट काम मात्र अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस यांनीं केलें होतें. ठशामुळें माणूस कोण हें निश्चित कळूं लागलें. तो अपराधी आहे कीं नाहीं, हें ठसा सांगत नाहीं.

पुढें १९०३ च्या कायद्यानें संस्थानांतून पळालेला आरोपी पोलिटिकल एजंटाच्या वॉरंटावर इंग्रजी हद्दींत पकडतां येऊं लागला. चोरापुरतें हें ठीक होतें. परंतु १९४२ नंतर याच मुलुखांत क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत झाले आणि प्रतिसरकार उभें राहिलें, तेव्हां सरहद्दीचा अर्थच पालटला. प्रतिसरकारचें मोठें ठाणें असलेलें कुंडल हें औंध संस्थानचें गांव, भोंवतीं सारा इंग्रजी सातारा जिल्हा. इंग्रजी दप्तरांत जो फरारी, तो गांवकऱ्यांच्या घरीं पंक्तीचा पाहुणा. वसंतदादा पाटील सांगली संस्थानच्या तुरुंगांत होते. २४ जुलै १९४३ रोजीं ते साथीदारांसह तुरुंग फोडून बाहेर पडले. दोघे सहकारी मारले गेले आणि दादा गोळीनें जखमी होऊन पुन्हां हातीं लागले. पुढें तेच महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

म्हणून शेजारी राष्ट्रांनीं एकमेकांस पोलिसांची माहिती देतांना अपराध कोणाच्या दृष्टीनें अपराध, हें आधीं ठरवावें लागतें. भारत व बांगलादेश यांच्यामधील २०१३ च्या प्रत्यर्पण करारांत राजकीय अपराधांस अपवाद ठेविला, आणि खून वगैरे कृत्यें त्या अपवादांतून वगळलीं. ही रेघ कागदावर ओढणें सोपें आहे. १९४३ सालीं सांगलीच्या फौजदारानें ती कोठें ओढली असती?

युरोपांत २००५ सालीं प्र्यूम येथें सात देशांनीं केलेला करार या बाबतींत पाहण्यासारखा आहे. जर्मनीनें एखादा ठसा ऑस्ट्रियाच्या दप्तराशीं ताडला, तर पहिल्या खेपेस जुळला कीं नाहीं एवढेंच उत्तर आणि एक क्रमांक मिळतो. नांव, गांव व मागील इतिहास हवा असेल, तर निराळी मागणी करावी लागते, आणि ती देणारा देश आपल्या कायद्यानें तपासतो. चुकीची माहिती गेल्याचें आढळलें, तर ती घेणाऱ्यास तत्काळ कळवावें लागतें, आणि त्यानें ती दुरुस्त करावी किंवा खोडून टाकावी असें बंधन आहे.