दिंडीपासून माजघरापर्यंत

सोलापुरांतील एखाद्या जुन्या माळवदाच्या वाड्यांत कोणी आलें, तर त्याचें पाऊल कोठवर पडावें हें तो कोण आहे यावरून ठरत असे. तगाद्याला आलेला माणूस दिंडीपाशींच उभा राही. ओळखीचा व्यापारी देवडी ओलांडून चौकांत येई. शेजारचा गृहस्थ सोप्यावर बैठकीला टेकून पानसुपारी घेई. जांवई किंवा मेहुणा माजघराच्या उंबऱ्यापर्यंत जाई. आणि त्याच्या पलीकडे, जेथें चूल आणि देव, तेथें घरच्या माणसांखेरीज सहसा कोणी जात नसे. हे नियम कोणी भिंतीवर लिहिलेले नव्हते. ते घराच्या भागांना दिलेल्या नांवांतच होते. अमक्यांचें आपल्या माजघरापर्यंत येणें-जाणें आहे, एवढें म्हटलें कीं दोन घरांचा घरोबा किती हें निराळें सांगावें लागत नसे. अर्थात् ज्यांना दिंडीच्या आंत येण्याचीच मुभा नव्हती अशीं माणसेंही त्याच गांवांत राहत होतीं, हें विसरून या वाड्यांचें कौतुक करणें खरेपणाचें होणार नाहीं.

या शब्दांपैकीं सर्वांत जुना तो साधा ‘दार’. संस्कृत द्वार तो हाच. पण त्याचें कूळ याहून मोठें आहे. फारशींतील ‘दर’, इंग्रजींतील ‘डोअर’ आणि प्राचीन ग्रीक भाषेंतील ‘थुरा’ हीं सारीं एकाच मुळाचीं रूपें होत. मराठींत तर गंमत अशी झाली कीं ‘दार’ संस्कृत-प्राकृताच्या वाटेनें आलें आणि ‘दरवाजा’ फारशीच्या वाटेनें आला. हजारों वर्षांपूर्वीं फुटलेले दोन चुलतभाऊ एकाच वाड्यांत पुन्हा भेटले. आणि मराठी माणसानें धाकट्याला आंतल्या खोलीशीं ठेवलें, व थोरल्याला दिंडीसह रस्त्यावर उभें केलें.

थुरा या शब्दाचें ग्रीकांच्या घरांत काय झालें तें पाहण्यासारखें आहे, कारण तेथेंही बाहेरून आंत जाण्याचा असाच क्रम होता. रस्त्यावरचें दार तें ‘आउलेइओस थुरा’, म्हणजे चौकाचें दार. ‘आउले’ म्हणजे चौक. चौकाच्या एका बाजूला खांबांवर उभी असलेली छपराची जागा ती ‘पास्तास’, आपल्याकडील सोपा किंवा ओसरीच म्हणा ना! मॅसिडोनच्या फिलिपनें ख्रिस्तपूर्व ३४८ मध्यें उद्ध्वस्त केलेलें ओलिंथस हें शहर १९२८ ते १९३८ या काळांत अमेरिकन संशोधकांनीं खणून काढलें, तेव्हां अशा चौकाच्या घरांच्या ओळीच्या ओळी उजेडांत आल्या. दारावर बसणारा सेवक तो ‘थुरोरोस’. प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादांत सॉक्रेटिस आणि त्याचा तरुण सोबती दारापुढें उभे राहून आपला वाद पुरा करतात. तो ऐकून थुरोरोसाची समजूत होते कीं आणखी दोन वाचाळ पंडित आले, आणि तो दोन्ही हातांनीं दार त्यांच्या तोंडावर आपटतो. देवडीवरचे पहारेकरी सर्वत्र सारखेच!

आंतल्या भागांचीं नांवें अधिक बोलकीं आहेत. पाहुण्यांसह मेजवानी करण्याचें पुरुषांचें दालन तें ‘आन्द्रोन’. त्यांतील ‘आनेर’ आणि आपला ‘नर’ एकच. स्त्रियांचा भाग ‘गुनाइकोनितिस’. त्यांतील ‘गुने’ वेदांतल्या ‘ग्ना’ शब्दाची बहीण. या दोहोंमधल्या दाराला ‘मेताउलोस’ किंवा ‘मेसाउलोस थुरा’ म्हणत. या दुसऱ्या रूपांतील ‘मेसोस’ म्हणजे मध्य; आणि आपल्या माजघरांतील ‘माज’ हें मध्य शब्दाचेंच प्राकृतांतून घासून आलेलें रूप. तेव्हां अथेन्सच्या दारावरचा आणि सोलापूरच्या माजघरावरचा शब्द मुळांत एकच ठरतो.

या मधल्या दारावर एकदां माणसाच्या जिवाचा निकाल अवलंबून होता. ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास युफिलेटोस नांवाच्या अथेन्सच्या गृहस्थानें एरॅटोस्थेनीस नांवाच्या माणसाला आपल्या घरांत, आपल्या पत्नीसह पकडून ठार केलें. न्यायासनापुढें वाचावयाचें त्याचें भाषण लिसियस या प्रसिद्ध भाषणलेखकानें लिहून दिलें. त्यांत घराचा नकाशाच आहे. घर लहान, दुमजली. वर स्त्रिया, खालीं पुरुष. मूल झालें. त्याला न्हाऊं घालण्यासाठीं आईला वारंवार जिना उतरावा लागे, आणि त्यांत धोका. म्हणून पति वर राहूं लागला आणि बायका खालीं आल्या. बाळंतिणीच्या सोयीसाठीं केलेला हा साधा बदल! एके रात्रीं चौकाचें दार आणि मधलें दार हीं दोन्ही वाजल्याचें त्यानें ऐकलें. सकाळीं विचारलें तेव्हां पत्नीनें सांगितलें कीं मुलाजवळचा दिवा विझला होता, तो शेजारच्या घरून लावून आणला. कोणत्याही घरांत पटावें असें हें उत्तर. त्यालाही तें तेव्हां पटलें. दारांचा तो आवाज त्याला अर्थपूर्ण वाटला तो पुढें, एका म्हाताऱ्या बाईकडून हकीकत कळल्यावर.

ग्रीक दार वाजे तें त्याच्या बांधणीमुळें. त्याला आजच्यासारखी बिजागरी नसे. फळीच्या वरखालीं काढलेली खुंटी चौकटींतल्या आणि उंबऱ्यांतल्या खळग्यांत फिरे. जुन्या वाड्यांचीं दारें ज्यांनीं ढकललीं आहेत त्यांना ही कुरकुर ओळखीची असेल. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या एका नाटकांत रात्रीं चोरून बाहेर जाणारी बाई आधीं त्या खुंटीवर पाणी ओतते, तें याच भीतीनें. आणि होमरच्या महाकाव्यांत पेनेलोपी हस्तिदंती मुठीच्या वांकड्या किल्लीनें कोठार उघडते तेव्हां त्या दारांचा आवाज कुरणांतल्या बैलाच्या डुरकण्यासारखा होतो!

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. उत्खननांत आन्द्रोन बहुधा ओळखतां येतो. बैठकींसाठीं भिंतीलगत केलेला उंचवटा आणि त्यामुळें बाजूला सरकलेलें दार हीं त्याची खूण. गुनाइकोनितिस मात्र ओळखतां येत नाहीं. तिला निराळी भिंत नाहीं, निराळी फरसबंदी नाहीं. युफिलेटोसच्या घरांत ती एका रात्रींत वरून खालीं आली, यावरूनच तें समजावें. माजघराचेंही असेंच आहे. उद्यां कोणी सोलापूरचा पडका वाडा खणला तर त्याला चौक सांपडेल, दिंडीची चौकट सांपडेल. माजघर कोणतें हें मात्र त्याला विचारूनच घ्यावें लागेल. तें विटांचें कमी आणि वागणुकीचें अधिक होतें.

सोलापुरांत विचारावयाचें तर तीन भाषांत विचारावें लागेल. येथील कानडी घरांत माजघराला ‘नडुमने’ म्हणतात. ‘नडु’ म्हणजे मध्य, ‘मने’ म्हणजे घर. कानडीचें कूळ निराळें, शब्द निराळा, पण कल्पना अक्षरशः तीच. सोप्याला कानडींत ‘पडसाले’ आणि मराठींत ‘पडसाळ’, यांत तर भाषांतराचीही गरज नाहीं. पूर्व भागांतील तेलुगू विणकरांच्या घरांत पूर्वीं मधली जागा मागानेंच अडवलेली असे. मराठींत ‘माग’, कानडींत ‘मग्ग’, तेलुगूंत ‘मग्गम्’. जेथें घरच कारखाना होता तेथें सोपा कोणता आणि माजघर कोणतें, हा भेद श्रीमंत वाड्याइतका कडक राहणें शक्य नव्हतें. विणणारा पुरुष, कांड्या भरणारी स्त्री आणि सूत घेऊन आलेला माणूस एकाच छपराखालीं असत.

आज फ्लॅटमध्यें एकच दार आणि त्याला एक भोक. त्या भोकांतून पाहून आलेल्याला एकदम हॉलमध्यें घ्यावयाचें किंवा बाहेरच ठेवावयाचें. मधली पायरी नाहीं. देवडी, चौक, सोपा, माजघर या चार जागांचें काम एका खोलीवर पडलें आहे, आणि कोणाला कोठवर येऊं द्यावें हें घरच्यांना दर वेळीं तोंडानें व चेहऱ्यानें ठरवावें लागतें. यांत स्त्रियांचा फायदा झाला हें निःसंशय. माजघर त्यांना सांभाळी तसें कोंडूनही ठेवी. पण तोटाही त्यांचाच झाला. बाहेरचे पाहुणे हॉलमध्यें बसले असतां बायकांना आपसांत चार शब्द बोलण्याची जागा आतां स्वयंपाकघराचा ओटा एवढीच उरली आहे.

उंबरा तेवढा टिकला. संस्कृत कोशांत ‘उदुंबर’ या शब्दाला झाडाबरोबरच देहली हाही अर्थ दिलेला आहे. नवी सून त्यावरचें माप पायानें लवंडून आंत येते. नव्या इमारतींत गुळगुळीत फरशी सरळ दाराबाहेर जात असली, तर लोक सुताराला बोलावून लाकडाची एक पट्टी चौकटीखालीं बसवून घेतात. तेलुगू घरांत तिला ‘गडप’ म्हणतात, आणि सणाच्या दिवशीं सकाळीं तिला हळद लावून वर कुंकवाचीं बोटें ओढतात.