मार्का पुसलेलं पोतं
(चाळीसगावात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो. मॅट्रिक झालो, पुढं जमलं नाही. मूळचा इथलाच, चाळीसगावच्या बाजूचा. तेव्हा भाषण पंडिती होणार नाही, होईल तसं ऐका. बोलायचंय चोरीवर. मालाच्या नाही, शब्दांच्या.

गोदीत पोत्यावर मार्का असतो. माल कुणाचा, आला कुठून, जाणार कुठं. मार्का पुसला की पोतं कुणाचंच नाही. शेडमध्ये पडून राहतं, वारस आला नाही तर लिलावात निघतं. आतली साखर तीच, वजन तेच, मालक तेवढा दुसरा.

मागं जयंतीचा एक विशेषांक हाती आला. त्यात माझी कविता, हमालाच्या पाठीवरची. खाली नाव दुसऱ्याचं. शेवटचं कडवं गायब, कारण त्यात मी माझं नाव गुंफलं होतं. चोर परका असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण हा आपलाच, निळ्या झेंड्याखालचा. गाठून विचारलं तर म्हणतो, "अरे, चळवळीची कविता. तुझी-माझी काय करतोस? बुर्ज्वा झालास काय?"

रात्रभर झोप नाही. कारण साल्याच्या बोलण्यात अर्धं खरं होतं. मला माझी कविता कुलपात ठेवायची नाहीच. भिंतीवर रंगवा, भोंग्यावर लावा, मोबाईलवरून हजार जणांना धाडा, मी पैसा मागणार नाही. पण गाणं सगळ्यांचं, तर खाली तुझं नाव कशाला? तिथं कुणाचंच नसतं टाकलंस तर एक वेळ समजलो असतो.

आणि तेही समजायला नको होतं, हे नंतर कळलं.

इथून जवळ पाटणादेवी. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवांचा राजज्योतिषी, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याची ही नोंद. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत घराण्याची नावं दगडात कोरलेली. ग्रंथ कुणाचा, बाप कोण, आजा कोण, सगळं पक्कं. आठशे वर्षं झाली, कुणाची माय व्याली नाही त्या ग्रंथावर दुसऱ्याचं नाव टाकायला. भास्कराचार्य मोठाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो दगड डोंगरातून ओढून आणणाऱ्यांची वंशावळ कुठाय?

आपल्याच खानदेशातल्या बहिणाबाई. आसोद्याच्या. लिहिता येत नव्हतं, शेतात नि जात्यावर गायच्या. सोपानदेव कवी, त्यांनी आईचे शब्द उतरवून घेतले, अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि १९५२ साली पुस्तक आलं. बाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या होत्या. पोटी कवी होता म्हणून ते नाव राहिलं. महारवाड्यातल्या जात्यांवर काय कमी गाणी झाली? त्यांचे पोरगे गोदीत, गिरणीत, रेल्वेच्या रुळावर. उतरवून घेणार कोण?

आता माझं ऐका. माझ्या पहिल्या पुस्तिकेत एक कविता आहे, सगळ्यात जास्त टाळ्या तिला. तिच्यातल्या चार ओळी माझ्या आजीच्या ओवीतल्या. मी नाव घातलं का? नाही. लोकवाङ्मय म्हणून ढापली. मला लुटणाऱ्याला जे बोललो ते आधी मलाच बोलायला हवं होतं. सोयराबाई अभंगात स्वतःला चोख्याची महारी म्हणते. नवऱ्याचं नाव आणि जात, एवढीच तिची सही. माझ्या आजीला मी तेवढंही ठेवलं नाही.

हा धंदा जुना. तुकोबांच्या गाथेत सालोमालोवर अभंग आहेत. परंपरा सांगते, हा गडी तुकोबांच्या अभंगात आपलं नाव घालून कीर्तनं करायचा. म्हणून जुन्या माणसांनी नाव शेवटच्या चरणात विणलं. उपटायला गेलं की वीण उसवते. वामनदादा कर्डकांनी तेच केलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस अक्षर शिकला मोठेपणी. गाणी गावोगाव गेली, पण शेवटच्या कडव्यात वामन बसलेला. आज गाणारे पहिली दोन कडवी गातात आणि शेवटचं सोडतात. वेळ नसतो म्हणे. वामनलाच नेमका वेळ नसतो.

लिहून ठेवण्याची किंमत याच गावानं बघितलीय. १९२९ साली सरकारी समितीच्या कामानं धुळ्याकडे गेलेले बाबासाहेब परतताना चाळीसगावला उतरले. महाराला टांग्यात बसवून हाकायला टांगेवाला तयार नाही. टांगा देतो, हाकणार नाही. मग आपल्यातल्याच एकानं हाकला, ज्यानं जन्मात लगाम धरला नव्हता. पुलावर बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं ते १९९० साली छापून आलं. आता तोच प्रसंग मोबाईलवर फिरतो. कधी गाव दुसरं, कधी साल दुसरं, खाली भलत्याचीच सही. मूळ कागद आहे म्हणून आपण ठणकावून सांगू शकतो की बाबा, असं नाही, असं झालं.

चोरी उलटीही असते बरं का. बाबासाहेब कधी बोलले नाहीत ती वाक्यं त्यांच्या फोटोखाली छापायची. २०१६ संपलं तसा त्यांच्या हयातीत छापलेल्या लिखाणावरचा कॉपीराइट संपला, ते कुणीही छापावं. पण छापायचं ते त्यांचंच.

कायदा फार बोलत नाही, कामापुरता सांगतो. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा, तुम्ही जिवंत असेपर्यंत आणि मेल्यावर साठ वर्षं. नोंदणी सक्तीची नाही; केली तर पुराव्याला बरी. ५७ कलम म्हणतं, हक्क विकला तरी लेखक मी, हे सांगायचा अधिकार विकला जात नाही. हे पाठ करा. गाण्याच्या कंपनीवाले कागद पुढं करतात, हजार-दोन हजार हातावर ठेवतात. कागदावर मुदत लिहिली नसेल तर तो करार पाच वर्षांचाच धरतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, दिला तरी तो कागद फोल. वाचल्याशिवाय अंगठा-सही नको. आपल्या बापजाद्यांच्या जमिनी अशाच गेल्या.

पुरावा म्हणजे तारीख. कविता आधी आपल्या लहानशा अंकात छापा, अंकावर महिना-साल टाका, चार प्रती चार ठिकाणी ठेवा. एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात धाडा, १९५४ चा कायदाच आहे तसा. आपले अंक तिथं पोचत नाहीत कारण आपणच धाडत नाही. पोस्टाला पैसे नसतात, मला ठाऊक आहे. विडीकाडीला असतात.

माझ्या भांडणाचं काय झालं? आपला जुना अंक होता माझ्याकडं, त्याची झेरॉक्स आणि पत्र, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट. शिवी एक नाही. त्यांच्या पुढच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळी आल्या, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात. कडवं काही परत छापलं नाही. तो माणूस अजून भेटतो, जय भीम करतो, मीपण करतो.

दाराशी वही ठेवलीय. आजीची, मायची, शेजारणीची एखादी ओवी येत असेल तर जाताना लिहा. अहिराणीत असेल तर अहिराणीतच, सुधारू नका. खाली बाईचं नाव, गाव, आणि तुम्ही कधी ऐकली ते. पहिल्या पानावर मी माझ्या आजीचं लिहिलंय.