रकाना तोच, क्रम तोच
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

अकोले तालुक्यातला सातबारा असो की जामखेडचा, भोगवटादाराचे नाव कुठे, क्षेत्र कुठे आणि पीक कुठे हे कोणाला शोधावे लागत नाही. क्षेत्रापुढे ०.४० लिहिले असेल तर ते हेक्टर-आर, म्हणजे जवळजवळ एक एकर. तोच आकडा कोणी एकर समजून वाचला, तर शेत सोळा गुंठ्यांवर येते. आकडा बरोबर, वाचन मात्र चुकीचे. रकान्याचे नाव, क्रम आणि एकक ठरलेले असावे लागते ते याचसाठी.

नेमकी हीच गरज जैवमाहितीशास्त्रात, म्हणजे सजीवांची जनुकीय माहिती संगणकावर तपासण्याच्या शास्त्रात आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आपल्याला 'भगवा' डाळिंब दिले. त्याच डाळिंबावर तेल्या रोग पाडणाऱ्या जिवाणूची जनुकीय माहिती म्हणजे चारच अक्षरांनी लिहिलेली, सुमारे ५० लाख अक्षरांची एक ओळ. ती वाचायला अनेक प्रोग्राम लागतात. बहुतेकांना ना चित्रे ना बटणे. आज्ञा टाइप करायची आणि पुढे येईल तो तक्ता घ्यायचा. एका प्रोग्रामचा तक्ता दुसऱ्याच्या हाती जातो, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. मध्ये माणूस डोकावतही नाही.

'ब्लास्ट' हा १९९० साली आलेला प्रोग्राम दोन जनुकांमधले साम्य शोधतो. त्याच्या नेहमीच्या तक्त्यात बारा रकाने असतात आणि बहुधा वर शीर्षकही नसते. अकराव्यात, असे साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल याचा अंदाज असतो. तो जितका लहान तितके चांगले. बाराव्यात जुळणीचे गुण. ते जितके जास्त तितके चांगले. हे दोन रकाने मागेपुढे झाले, तर सर्वांत वाईट जुळणी पहिल्या क्रमांकावर येईल आणि यंत्र जराही कुरकुर करणार नाही. बारा रकान्यांचा हा क्रम टिकून आहे, म्हणूनच इतर असंख्य प्रोग्राम त्याच्यावर विसंबून चालतात.

सगळीकडे असा एकमेळ नाही. जनुकाची जागा सांगणाऱ्या 'बेड' नावाच्या तक्त्यात पहिल्या अक्षराचा क्रमांक शून्य असतो, तर 'जीएफएफ' नावाच्या तक्त्यात एक. फरक एका अक्षराचाच. पण प्रथिन तयार होताना जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचले जाते. 'कमळ, पवन, सडक' हे एक अक्षर सोडून वाचून पाहा: 'मळप, वनस, डक'. सगळा अर्थच गेला!

नेहमीच्या वापरातल्या एक्सेलनेही असाच घोटाळा केला. 'सेप्ट-२' नावाच्या जनुकाची त्याने दोन सप्टेंबर ही तारीख करून टाकली. २०१६ साली झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० साली मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. यंत्र बदलेना, म्हणून माणसांनी बारसे पुन्हा केले!

मोठ्या संस्थांत असे तक्ते दुरुस्त करायला वेगळी माणसे असतात. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला मात्र ते काम स्वतःच करावे लागते, आणि चूक नजरेतून सुटली तर चुकीच्या जनुकावर त्याचा अख्खा हंगाम वाया जातो.

आपल्या जिल्ह्यातली अनेक मुले आज संगणकाचे प्रोग्राम लिहितात. त्यांना माझे सांगणे एवढेच. प्रत्येक रकान्याला नाव द्या. एकक लिहा. मोजणी शून्यापासून की एकपासून, ते सांगा. माहिती नसेल तिथे ठरलेली खूण करा. रकानाच गाळू नका. एकही जुळणी सापडली नाही, तरी शीर्षकाची ओळ छापा. नवीन रकाना द्यायचा झाला तर शेवटी जोडा. आणि क्रम बदलणे अगदीच भाग पडले, तर आवृत्तीचा क्रमांक बदलून तसे आधी कळवा. तुमचा तक्ता पुढे कोण वाचणार आहे, हे तुम्हाला कधीच माहीत नसते.